बत्तीस ग्लासांचा हिशेब

खोक्यावर बत्तीस ग्लास लिहिलेले असत. आमच्या घरात त्याचे चाळीस व्हायचे, आणि शाळांना सुट्टी लागून भाचरं राहायला आली की पन्नासही व्हायचे. पाणी कुठे वाढवायचं आणि कुठे वाढवलं तर मुलांच्या लक्षात येतं, हे मला बँकेतल्या कुठल्याही लेजरपेक्षा चांगलं पाठ झालं होतं. पाहुण्यांच्या ग्लासात दाट, घरच्यांच्या ग्लासात मध्यम, आणि "आई, अजून एक" म्हणणाऱ्याच्या ग्लासात नुसता रंग दिसेल इतपत.

सांगलीतले एप्रिल-मे ज्यांनी काढले आहेत त्यांना उन्हाळा म्हणजे काय ते सांगायला नको. रात्रीची भांडी आवरली की मी मोठ्या पातेल्यात साखर आणि पाणी घेऊन गॅसवर ठेवायची. पाक नव्हे, नुसती साखर विरघळून एक उकळी. मळी वर आली तर चमच्याने काढायची, पातेलं झाकून सकाळपर्यंत थंड होऊ द्यायचं. पहाटे पाचला उठून खोक्यातली पावडरीची पुडी त्यात ढवळायची आणि मग ती इवलीशी अर्काची बाटली ओतायची. सगळ्या स्वयंपाकघरभर संत्र्याचा वास सुटायचा. संत्रं मात्र घरात एकही नसायचं. गाळून ते सगळं स्क्वॅशच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं, बाटल्या फ्रीजच्या दारात लावल्या, की मी पोळ्यांना लागायची. साडेनऊला बँकेत हजर व्हायचं असे. संध्याकाळी परतायला सात वाजायचे. मधल्या वेळात घरात आईच्या जागी ती बाटली असायची, असं म्हटलं तर आज अतिशयोक्ती वाटेल, पण नोकरी करणाऱ्या माझ्या पिढीतल्या बायकांना ते पटेल.

या पेयाची जाहिरात आठवत नाही असं माझ्या वयाचं माणूस सापडणं कठीण. दूरदर्शनवरची ती गोड मुलगी 'आय लव्ह यू रसना' म्हणायची आणि आमची धाकटी तिच्याबरोबर म्हणायची. अहमदाबादच्या अरीझ खंबाटांनी हे पेय घरोघरी नेलं. २०२२ च्या नोव्हेंबरात ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. १९७७ मध्ये कोकाकोला देश सोडून गेला, तो परत आला थेट १९९३ मध्ये. मधल्या काळात बाटलीबंद थंड पेयं मिळत नव्हती असं नाही, पण बाटली म्हणजे एकाची तहान आणि बाकीच्यांचे डोळे. पाच रुपयांच्या खोक्यात बत्तीस ग्लास, म्हणजे ग्लासाला पंधरा पैसे, हा हिशेब मध्यमवर्गीय घरांना एकदम कळला. अमेरिकेत असंच काहीसं पूर्वी होऊन गेलं होतं. नेब्रास्कातल्या एडविन पर्किन्सने १९२७ मध्ये आपल्या फळांच्या चवीच्या सरबताचं पाणी काढून टाकून पुडी केली, तिचं नाव कूल-एड. पुढे मंदीच्या वर्षांत तिची किंमत दहा सेंटांवरून पाच केली आणि ती घरोघर पोचली. पाणी प्रत्येकाच्या घरी असतंच, ते कशाला विकायचं, एवढीच त्यातली युक्ती.

आपल्याकडे तर साखरही विकली नाही. इथे मला माझ्या जुन्या व्यवसायाला स्मरून एक आक्षेप नोंदवू द्या. पंधरा पैशांच्या त्या हिशेबात साखर धरलेलीच नव्हती! बत्तीस ग्लासांना किलोच्या आसपास साखर लागायची, म्हणजे खोक्यापेक्षा साखरच महाग पडायची. रेशनवरच्या साखरेचा सरकारी निकष माणशी महिना ४२५ ग्रॅम. आम्ही घरात पाच माणसं, म्हणजे सव्वादोन किलोही नाही. संत्र्याच्या वासाच्या दोन बाटल्यांत महिन्याची निम्मी लेव्ही साखर विरघळून जायची, आणि मग चहासाठी बाजारची आणायची.

गंमत अशी, की त्या वर्षांत माझ्या कामातही साखरच होती. साखर कारखान्यांना गोदामातल्या साखरेवर तारण कर्ज दिलं जाई आणि ती साखर जागेवर आहे की नाही हे पाहायला आम्हा अधिकाऱ्यांना जावं लागे. शंभर-शंभर किलोची पोती, छतापर्यंत थप्प्या, कोंदट गोड वास, आणि मी वही घेऊन थर मोजते आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. हजारो पोत्यांचा हिशेब जुळवून घरी यायचं आणि रात्री वाटीने साखर मोजायची. दीड वाटी कमी घालून पाहिली तर चालेल का, हा प्रश्न मला गोदामात कधी पडला नाही. तो घरी रोज पडायचा.

घराघरांत ते पेय 'घरचं' म्हणून प्यायलं जायचं, त्याचं कारण मला या साखरेतच दिसतं. साखर आपली, पाणी आपलं, ढवळणारा हात आपला. कारखान्याचं त्यात असायचं ते रंग, वास आणि आंबटपणा. म्हणजे पाहिलं तर सगळंच, पण भांडं आपल्या शेगडीवर होतं.

सासूबाईंना हे मान्य नव्हतं. त्या रत्नागिरीकडच्या. दर वर्षी एप्रिल अखेरीला पंधरवडाभर गावी जायच्या आणि येताना आमसुलं, आगळ आणि अमृतकोकमाच्या बाटल्या घेऊन यायच्या. पाऊस सुरू व्हायच्या आत रातांबे उतरवायचे, फोडायचे, सालांच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावायचे आणि बरणीला दादरा बांधून उन्हात ठेवायची. आठवडाभरात साखर सालांतला रस ओढून घेते आणि बरणीत गडद लाल सरबत तयार होतं. ना विस्तव, ना पाण्याचा थेंब. फ्रीजच्या दारात मग दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या राहायच्या, एक भगवी, एक लाल. "हे रंगाचं पाणी कसलं पाजतेस गो पोरांना?" त्या म्हणायच्या. मी म्हणायची, "आई, मुलांना आवडतं." या दोन वाक्यांवर आम्ही पाच-सहा उन्हाळे काढले. मुलं दुपारी कोणती बाटली आधी संपवतात याकडे आम्हा दोघींचंही लक्ष असे, आणि तसं ते नाही असं दोघीही दाखवत असू.

बाहेरच्या गारीगारवाल्याला मात्र आम्हा दोघींचाही सारखाच विरोध होता. दुपारी अडीचला त्याची घंटा वाजली की गल्लीतली पोरं धावायची. शिवाय प्लॅस्टिकच्या नळीत गोठवलेलं रंगीत पाणी असायचं, ज्याला आमच्याकडची सगळी पोरं 'पेप्सी' म्हणायची आणि ज्याचा त्या नावाच्या कंपनीशी काहीही संबंध नव्हता. काविळीची साथ दर दोन-तीन वर्षांनी गल्लीत कुणाच्या तरी घरी येऊन जायची. बर्फात जंतू मरतात अशी समजूत तेव्हाही होती आणि आजही आहे. ते मरत नाहीत, बरेचसे नुसते थांबून राहतात आणि पोटात गेल्यावर कामाला लागतात. म्हणून मी ठरवलं की गारीगार घरीच करायचं, उकळून गार केलेल्या पाण्याचं.

या घरगुती कांडीचा मूळपुरुष एक अकरा वर्षांचा मुलगा होता, असं सांगतात. १९०५ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रँक एपर्सन नावाच्या मुलाने पुडीतल्या सोड्याची पावडर पाण्यात कालवली आणि ढवळायच्या काडीसकट पेला रात्री ओसरीवर विसरला. त्या रात्री कडाक्याची थंडी पडली आणि सकाळी त्याच्या हातात काडीला चिकटलेला बर्फ होता. मोठा झाल्यावर, १९२३-२४ मध्ये, त्याने त्याचं पेटंट घेतलं. सांगलीत तशी थंडी मिळाली नसती. आमच्याकडे १९९१ साली कर्मचारी कर्जातून घेतलेला १६५ लिटरचा फ्रीज होता, आणि त्याच्या माथ्यावर बुटाच्या खोक्याएवढा फ्रीझर.

बर्फाच्या ट्रेमध्ये सरबत ओतायचं, तासाभराने कडा धरल्या की प्रत्येक खणात काडी खोचायची. आधी खोचली तर आडवी पडते, उशिरा खोचली तर जातच नाही. हे वेळेचं गणित मुलाने स्वतः बसवलं होतं. विस्तवाशिवाय, मोठ्यांशिवाय, मुलांना एकट्याने करता येईल असा स्वयंपाकातला तो पहिलाच पदार्थ असावा. त्यातूनच प्रश्न निघायचे. धाकटी विचारायची, चोखलं की रंग आधी का संपतो आणि पांढरा बर्फ का उरतो? त्याचं उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं, पुढे कळलं. पाणी सावकाश गोठताना त्याच्या स्फटिकात फक्त पाणीच मावतं. साखर, रंग, आंबटपणा या सगळ्यांना बाहेर ढकललं जातं आणि त्यांचा दाट पाक स्फटिकांमधल्या बारीक फटींत अडकून राहतो. आपण चोखतो तो आधी तो पाक. साखर कमी घातली की कांडी दगडासारखी होते, जास्त घातली की नीट धरतच नाही, त्याचंही कारण तेच. अर्धवट गोठल्यावर एकदा काट्याने ढवळून परत ठेवली, किंवा पाण्याऐवजी फळाचा गर वापरला, तर रंग शेवटपर्यंत टिकतो.

त्या काळच्या फ्रीझरमध्ये बर्फाचा थर साचायचा. ट्रे त्यात रुतून बसायचा. मी मुलांना बजावून ठेवलं होतं, ट्रे निघाला नाही तर ओढायचा नाही, मी येईपर्यंत थांबायचं.

१९९५ चा मे महिना. मी त्या दिवशी जरा लवकर, सहाच्या सुमाराला घरी आले. मुलगा दहा वर्षांचा, तो अभ्यासाला बसला होता. मेच्या सुट्टीत! तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. रात्री फ्रीजमधून पाणी गळायला लागलं. दार उघडलं तर आत उकाडा. "आपोआप बंद पडला," मुलगा म्हणाला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने फ्रीझरमध्ये टॉर्च मारला आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पडलेलं भोक दाखवलं. पत्र्याच्या आतून गॅसची नळी फिरलेली असते. चाकू लागला की फुस्स असा आवाज येतो आणि संपलं. आवाज धाकटीने ऐकला होता, तिने सांगितलं. फ्रीजचे हप्ते अजून फिटायचे होते. मी मुलाच्या थोबाडीत मारली. चाकूसाठी नव्हे, खोटं बोलल्यासाठी मारली, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. हप्त्यांसाठी मारली, हे मला चांगलं माहीत होतं.

तो रडला नाही. धाकटी म्हणाली, "ती तुझी होती. तू यायच्या आत काढून ठेवायची होती."

त्यांनी त्या दिवशी माझ्यासाठीही एक खण भरला होता.

मी गप्प बसले. सासूबाईही काही बोलल्या नाहीत, हे विशेष. मात्र पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याला बर्फाच्या कारखान्यात पिटाळलं. गोणपाटात गुंडाळलेली लादी आली. ती त्यांनी वरवंट्याने फोडली, बादलीत घातली, त्यावर मुठीने खडेमीठ टाकलं. मग स्टीलच्या उभ्या पेल्यांत सरबत ओतून ते पेले त्या बर्फात गळ्यापर्यंत रोवले. मिठामुळे बर्फ वितळायला लागतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. नुसता बर्फ शून्याच्या खाली जात नाही, मिठाचा वीस अंशांपर्यंत खाली उतरू शकतो. सांचातलं आईस्क्रीम आणि कुल्फीवाल्याचा माठ दोन्ही याच हिशेबावर चालतात. मुलगा बादलीपाशी बसून पेले फिरवत होता. "खारं पाणी आत जाऊ देऊ नकोस हो," एवढंच त्याची आजी म्हणाली. चार पेल्यांत कोकम होतं आणि दोन पेल्यांत, त्यांनी स्वतः आपल्या हातांनी ओतलेलं, माझं भगवं सरबत.

फ्रीझरला ठिगळ लागलं, गॅस भरला, बाराशे रुपये गेले. तो पुढे आठ वर्षं चालला.

आता थोडं आजचं. मुलगा पुण्यात असतो, त्याला आठ वर्षांची मुलगी आहे. सूनबाई कुठलाही डबा हातात घेतला की आधी मागची बारीक अक्षरं वाचतात. सुरुवातीला मला ते जरा जास्तच वाटायचं. पण त्यांनी वाचून दाखवलं आणि मला गप्प बसावं लागलं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे जे पहिलं ते सगळ्यात जास्त. हल्ली थेट पाण्यात विरघळणाऱ्या बहुतेक पावडरींवर पहिला शब्द साखर असतो, फळ असलं तर खूप खाली. साउदम्पटन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये काही कृत्रिम रंग आणि लहान मुलांची चंचलता यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर टारट्राझिन, सनसेट यलो यांसारखे सहा रंग असलेल्या पदार्थांवर युरोपात २०१० पासून इशारा छापावा लागतो. यांतले काही रंग आपल्याकडेही ठरावीक प्रमाणात चालतात. इशारा मात्र इथे छापला जात नाही, आणि तो छापावा असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला घ्यायचं तो घेईल.

पण म्हणून सासूबाई बरोबर होत्या आणि मी चूक, असा निकाल मी देणार नाही. त्यांच्या अमृतकोकमात सालांच्या दुप्पट साखर असायची. फळ खरं होतं, रंग खरा होता, पण साखर माझ्याइतकीच. माझ्या बत्तीस ग्लासांत किलोभर साखर, म्हणजे ग्लासाला तीसएक ग्रॅम, सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटलं की दिवसभरात वरची साखर पंचवीस ग्रॅमपर्यंत ठेवलेली उत्तम. आमची मुलं दुपारी चारच्या आतच दिवसाचा कोटा ओलांडत होती, एकदा भगव्याने आणि एकदा लालने. त्या पिढीतल्या नवऱ्यांना आणि आम्हालाही पन्नाशीत काय काय झालं ते घरोघरी माहीत आहे. आमच्या घरात आता चहात साखर नाही.

मला खटकतं ते वेगळंच. पूर्वीच्या खोक्यात साखर नव्हती, म्हणून दीड वाटी कमी घालायची मुभा माझ्या हातात होती, आणि मी ती वापरत होते, काटकसरीपोटी का होईना. चाळीस ग्लास करणारी प्रत्येक आई नकळत मुलांचं भलं करत होती. आजच्या तयार पुडीत साखर आधीच मिसळलेली. कापा, ओता, ढवळा. सोय झाली, पण गोड किती करायचं हे कारखान्यात ठरून आलं. पाणी वाढवलं तर सगळंच पांचट होतं, चव राखून साखर तेवढी काढता येत नाही. चिंचेच्या कोळात, कैरीच्या पन्ह्यात, कोकमाच्या आगळात ती मुभा अजून आहे. आगळात तर साखर नसतेच, नुसतं मीठ. त्यात आपण हवी तेवढी घालावी. फळाचं सरबत करायला वेळ लागतो हे खरं, पण मुलांना सुट्टीत दुसरं काम तरी काय असतं? त्यांच्या हातात चमचा आणि मापाची वाटी द्या, दोन पेल्यांत वेगवेगळी साखर घालून कोणतं आवडतं ते त्यांनाच ठरवू द्या. आमच्या नातीने चार चमच्यांवरून दोनवर स्वतः आणलं. घरात कुणीही तिला साखरेवर भाषण दिलं नव्हतं. पावडरीची पुडीही त्या घरात अगदी येतच नाही असं नाही. वाढदिवसाला येते, तीस पोरांना पुरते, आणि सूनबाई त्या दिवशी बारीक अक्षरं वाचत नाहीत.

या एप्रिलमध्ये मी पुण्याला होते. नातीने आगळ, गूळ आणि पाणी कालवून कांड्या लावल्या होत्या. आता रबरासारखे मऊ साचे मिळतात, फ्रीझरमध्ये बर्फाचा थर साचत नाही, खरवडायला काही उरलेलं नाही. तरी एक कांडी काही केल्या निघेना. ती चमच्याच्या मागच्या टोकाने साचा उचकटायला लागली, तोच दिवाणखान्यात लॅपटॉप घेऊन बसलेला माझा मुलगा ताडकन उठला.

"चमचा नको! पाणी, पाणी. नळाखाली धर."

त्याने तिच्या हातातून साचा घेतला, नळाखाली धरला, दोन्ही तळहातांनी जरा चोळला. मी ओट्यापाशी कैऱ्या सोलत उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही काही विचारलं नाही. त्याने काडी ओढली तर काडीच तेवढी हातात आली. मग वाटी काढली, कांडी वाटीत पाडली, आणि नात तीन चमचे घेऊन आली.